परधर्माची कैफियत

इ. स. १०१७ मध्ये गझनीच्या सुलतान महमूदाने अरल समुद्राच्या दक्षिणेकडील ख्वारिज्मचे राज्य खालसा केले आणि जिंकलेल्या मुलखातील द्रव्याबरोबर तेथील दरबारचे विद्वानही आपल्या राजधानीस नेले. त्या विद्वानांत अबू रैहान अल्बेरुनी नावाचा, पंचेचाळिशीस येऊन ठेपलेला एक ज्योतिर्विद होता. ज्या सुलतानाच्या स्वाऱ्यांनी मथुरा, कनोज आणि सोमनाथ येथील देवालये उद्ध्वस्त केली, त्याच्याच आश्रयाने (त्यास आश्रय म्हणावे की नजरकैद, हे ठरविणे कठीण आहे) राहून या गृहस्थाने हिंदूंचा धर्म, तत्त्वज्ञान, ज्योतिष, भूगोल आणि आचार यांविषयी ऐंशी प्रकरणांचा जो अरबी ग्रंथ १०३० मध्ये, महमूदाच्या मृत्यूनंतर लगेच, सिद्ध केला, त्याच्या तोडीचे निःपक्षपाती पुस्तक एका धर्माच्या माणसाने दुसऱ्या धर्माविषयी त्यापूर्वी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. परधर्माचा अभ्यास मोकळ्या मनाने करावा, असे आपण सर्वच म्हणतो. परंतु मोकळे मन म्हणजे काय, त्यास कोणते कष्ट पडतात आणि ते कोठवर पोहोचू शकते, हे पाहावयाचे असेल तर केवळ सद्भावनेची वचने वाचून भागणार नाही, असा एखादा उद्योग आरंभापासून अखेरपर्यंत तपासून पाहिला पाहिजे.

अल्बेरुनीने हे काम एकाएकी हाती घेतले नव्हते. इ. स. १००० च्या सुमारास, कास्पियन समुद्राजवळच्या जुर्जान येथे काबूस राजाच्या पदरी असताना, त्याने प्राचीन राष्ट्रांच्या कालगणनांवर एक विस्तृत ग्रंथ लिहिला होता. पारशी, सोग्दी, ख्वारिज्मी, यहुदी, ख्रिस्ती, साबी आणि इस्लामपूर्व अरब यांची वर्षे व महिने कसे चालतात, अधिकमास कोण केव्हा धरतो, याचा शोध घेऊ लागले म्हणजे त्यांचे सण कोणते, उपास कोणते आणि ज्या घटनांच्या स्मरणार्थ ते पाळले जातात त्या घटना कोणत्या, हे विचारल्यावाचून गत्यंतर नसते; आणि अशा रीतीने गणिताच्या वाटेने चालत चालत हा तरुण नाना धर्मांच्या अंतर्गृहांपर्यंत जाऊन पोहोचला होता. या वाटेचा एक गुण मला फार महत्त्वाचा वाटतो. पंचांगाचे गणित बरोबर आहे की चुकलेले, हे ते कोणत्या धर्माच्या माणसाने मांडले यावरून ठरत नसते, ते पुन्हा मांडून पाहावे लागते. आणि ज्याच्या बुद्धीस ही सवय लागली, त्यास धर्ममताविषयीही प्रथम ते नीट मांडून घ्यावे आणि मग जे बोलावयाचे ते बोलावे, असे सहजच वाटू लागते.

हिंदूंवरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने आपल्या उद्योगाचे निमित्त सांगितले आहे. अबू सहल नावाच्या एका विद्वान स्नेह्याकडे बसला असता मुअतझिला या इस्लामी तत्त्ववाद्यांवर लिहिलेल्या एका पुस्तकाचा विषय निघाला. त्या पुस्तकाच्या कर्त्याने प्रतिपक्षाचे मत असे काही विपर्यस्त करून मांडले होते की, ज्यांचे ते मत त्यांनाही ते ओळखता येऊ नये. तेथून बोलणे वाढत परधर्मीयांवरील पुस्तकांकडे गेले. एकाच धर्मातील भिन्न पंथाविषयी लिहिताना जर हा प्रकार घडतो, तर सर्वस्वी निराळ्या धर्माविषयी काय होत असेल, असा प्रश्न साहजिकच उभा राहिला; आणि हिंदूंविषयी आपल्या भाषेत जे काही उपलब्ध आहे ते बहुतेक ऐकीव, एकाने दुसऱ्याच्या पुस्तकातून न तपासता उतरून घेतलेले आहे, असे दोघांच्याही ध्यानात आले. इराणशहरी नावाच्या एका पूर्वसूरीची त्याने या संदर्भात दिलेली हकीकत मननीय आहे. या लेखकाने यहुदी, ख्रिस्ती आणि मानीपंथी यांच्या मतांचे वर्णन उत्तम केले, कारण त्यांचे ग्रंथ त्याने पाहिले होते. परंतु हिंदू आणि बौद्ध यांच्यापाशी येताच त्याचा नेम चुकला, कारण तेथे तो दुसऱ्याच्या पुस्तकावर विसंबला. त्याच्या निष्ठेत वा निःपक्षपातात खोट नव्हती. उणीव होती ती पुराव्यात, आणि केवळ चांगल्या हेतूने ती भरून निघण्यासारखी नव्हती.

म्हणून अल्बेरुनीने आरंभीच जाहीर केले की, हा ग्रंथ वादासाठी नाही. प्रतिपक्षाची मते खोडून काढण्यासाठी त्यांची मांडणी मी करणार नाही. हिंदू जे म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत, ते कितीही चमत्कारिक वाटले तरी, वाचकापुढे ठेवीन. न्यायाच्या कचेरीत आरोपीची कैफियत लिहून घेतल्यावाचून निकाल देता येत नाही, हा नियम आपण सर्वजण मान्य करतो. धर्माच्या प्रांतात मात्र कैफियत न घेताच निकाल लिहिण्याची चाल सर्व देशांत आणि सर्व काळांत राजरोस चालत आलेली आहे. अल्बेरुनीने कैफियत लिहून घेण्याचे ठरविले, आणि मग जी कामगिरी अंगावर आली ती सामान्य माणसाचा धीर खचविणारी होती.

पहिली अडचण भाषेची. उतारवयाकडे झुकलेल्या परक्या मनुष्याने संस्कृत शिकावयाचे, तेही व्याकरणाची छापील पुस्तके नाहीत, कोश नाहीत, आणि शिकविणाऱ्याच्या मनात शिकणाऱ्याच्या जातीविषयी रास्त भीती व द्वेष भरलेला, अशा परिस्थितीत. एकाच वस्तूस अनेक नावे आणि एकाच नावाचे अनेक अर्थ. अरबी लिपीत उतरत नाहीत असे उच्चार. पंडितांची भाषा एक आणि बाजारातील लोकांची दुसरी. शास्त्रे पाठांतराच्या सोयीसाठी छंदोबद्ध केलेली, त्यामुळे मात्रा जुळविण्यासाठी अर्थाची ओढाताण झालेली. आणि लेखक, म्हणजे नकला करणारे, इतके बेफिकीर की दोन-तीन नकलांनंतर मूळ ग्रंथ ओळखू येऊ नये. या सर्वांची नोंद त्याने कसलाही आडपडदा न ठेवता केली आहे, आणि तरीही त्याने माघार घेतली नाही. जेथे संस्कृत ग्रंथ मिळण्याचा संभव वाटला तेथून ते पैसा व श्रम खर्चून मिळविले. दूरवर राहणाऱ्या ज्या पंडितांना ते समजत होते त्यांस आणवून घेतले. हिंदू ज्योतिष्यांपुढे प्रथम तो शिष्य म्हणून बसला. पुढे त्यांची रीत अवगत झाल्यावर जेव्हा तो स्वतः त्यांस गणितातील कारणपरंपरा समजावून सांगू लागला, तेव्हा याने हे ज्ञान कोणत्या हिंदू गुरूपाशी मिळविले असावे, असा प्रश्न त्यांना पडला, असे त्याने लिहून ठेवले आहे. हिंदूंवरील ग्रंथ लिहावयास घेण्यापूर्वी त्याने सांख्यांचा एक ग्रंथ आणि पतंजलीचा योग अरबीत उतरविला होता. यांपैकी योगाचे भाषांतर इस्तंबूल येथील एका हस्तलिखितात सापडले आणि विसाव्या शतकात छापून निघाले. उलट दिशेनेही त्याचे काम चालले होते: युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ हिंदू विद्यार्थ्यांसाठी तो संस्कृत श्लोकांत आणीत होता. ज्याच्यापासून घ्यावयाचे त्यास आपल्यापाशी असलेले उत्तम ते द्यावे, ही वृत्ती विजेत्यांच्या छावणीत वावरणाऱ्या माणसापाशी आढळावी, याचे मला अतिशय मोल वाटते.

आता त्याची पद्धती. प्रकरणाच्या आरंभी विषयाची मांडणी, नंतर त्या विषयावर हिंदू ग्रंथांतील उतारे, आणि मग ग्रीक तत्त्ववेत्ते, सूफी, कधी ख्रिस्ती यांच्या मतांशी तुलना, असा त्याचा क्रम पुष्कळ ठिकाणी दिसतो. भगवद्गीता, विष्णुपुराण, वायुपुराण, मत्स्यपुराण, वराहमिहिराची बृहत्संहिता, ब्रह्मगुप्ताचा सिद्धांत ही पुस्तके त्याने नुसती नावापुरती ऐकलेली नव्हती. परंतु उताऱ्यांच्या विपुलतेपेक्षाही तुलना करताना त्याने पाळलेला एक दंडक अधिक मौल्यवान आहे. ईश्वरविषयक प्रकरणाच्या आरंभीच तो सांगतो की, प्रत्येक राष्ट्रात सुशिक्षितांची श्रद्धा निराळी आणि सामान्यांची निराळी असते. एकांची बुद्धी अमूर्त तत्त्वाकडे जाते, तर दुसऱ्यांस इंद्रियांनी प्रतीत होणारे काहीतरी पुढे असावे लागते. हा भेद एकदा मान्य केला म्हणजे आपल्या धर्मातील तत्त्ववेत्ता घेऊन त्याची तुलना दुसऱ्याच्या धर्मातील भाबड्या भक्ताशी करणे, हा जो सर्वत्र रूढ असलेला अन्याय, तो करताच येत नाही. अल्बेरुनीने तो केला नाही. हिंदूंच्या मूर्तिपूजेची चर्चा करताना त्याने स्पष्ट लिहिले की, ज्ञानी हिंदू ईश्वरास एक, अनादि आणि निराकार मानतो, मूर्ती ही सामान्यांसाठी आहे; आणि पुढे म्हटले की, एखाद्या अशिक्षित मुसलमानापुढे पैगंबराचे किंवा काबाचे चित्र ठेवले, तर तोही आनंदाच्या भरात त्याचे चुंबन घेईल आणि आपणास प्रत्यक्ष यात्रा घडली असे मानील. ज्या सुलतानाने मूर्तिभंजक म्हणून कीर्ती मिळविली, त्याच्या राजधानीतील लेखकाने हे वाक्य लिहावे, यास केवळ विद्वत्ता पुरत नाही. विवाहाच्या विचित्र चालींविषयी लिहितानाही हिंदूंच्या आणि पहाडी लोकांच्या चालींबरोबर इस्लामपूर्व अरबांच्या चालींचे वर्णन त्याने तितक्याच उघडपणे केले आहे. दुसऱ्याचे दप्तर उघडणाराने आपले मिटून ठेवू नये, हे त्यास पटलेले होते.

यावरून कोणास असे वाटेल की, तो मतामतांच्या बाबतीत उदासीन होता, किंवा हिंदूंच्या सर्वच गोष्टी त्यास आवडत होत्या. तसे नाही. तो श्रद्धावान मुसलमान होता आणि अखेरपर्यंत तसाच राहिला. हिंदूंच्या अहंमन्यतेवर त्याने केलेली टीका आजही आपल्यास झोंबते: आपल्यासारखा देश नाही, आपल्यासारखे शास्त्र नाही, अशी या लोकांची समजूत असून जे येते ते परक्यास, किंबहुना स्वकीयांतील परजातीयासही, सांगण्यास ते कचरतात, असे तो म्हणतो, आणि लगेच जोडतो की, यांचे पूर्वज इतके संकुचित नव्हते, कारण ग्रीक लोक म्लेच्छ असले तरी शास्त्रात पारंगत आहेत म्हणून त्यांस मान दिला पाहिजे, असे वराहमिहिरानेच म्हटले आहे. त्याच लेखणीने त्याने महमूदाच्या मोहिमांनी त्या देशाची भरभराट समूळ नष्ट केली, हिंदूंच्या मनात मुसलमानांविषयी अढळ द्वेष उत्पन्न केला आणि विद्या काश्मीर व काशीसारख्या दूरच्या स्थळी निघून गेल्या, हेही नमूद केले. सर्वांत हृद्य प्रसंग ब्रह्मगुप्ताचा आहे. चंद्राच्या व पृथ्वीच्या छायेमुळे ग्रहण लागते हे पुरतेपणी जाणणाऱ्या या गणितज्ञाने राहूच्या कथेस मान तुकवून, ती नाकारणाऱ्या इतर ज्योतिष्यांस दोष द्यावा, याबद्दल अल्बेरुनी त्याची कडक हजेरी घेतो. आणि मग थांबून असा तर्क करतो की, कदाचित सॉक्रेटिसावर जो प्रसंग ओढवला तसा आपणावर ओढवू नये म्हणून त्याने हे लिहिले असावे. चार शतकांच्या आसपास जुन्या झालेल्या परधर्मीय पंडिताची अडचण समजून घेण्यासाठी ग्रीसमधील विषाच्या पेल्याची आठवण करणारा हा मनुष्य मनाच्या मोकळेपणात किती पुढे गेला होता, हे यावरून कळते.

तरीही त्याच्या दृष्टीस मर्यादा होत्या, आणि त्यांपैकी एक त्याने स्वतःच नोंदविली. तो पंजाब व सिंधुनदाच्या आसपासच्या प्रदेशापलीकडे गेल्याचे दिसत नाही. काशी पाहिली नाही, दक्षिण पाहिली नाही. आणि बौद्धांविषयी, मेरुपर्वताच्या प्रकरणात, त्याने कबूल केले की, मला बौद्धांचा एकही ग्रंथ मिळाला नाही आणि त्यांचे मत समजावून सांगणारा एकही बौद्ध भेटला नाही, म्हणून येथे मी जे सांगतो ते इराणशहरीच्या आधाराने. ज्याच्यावर विसंबता येत नाही असे प्रस्तावनेत ठरविले, त्याच साक्षीदाराकडे जाणे भाग पडले तेव्हा त्याने ते वाचकापासून लपविले नाही.

याच्या पुढचे प्रसिद्ध नाव दारा शुकोह याचे. शहाजहानच्या या ज्येष्ठ पुत्राने काशीच्या पंडितांच्या साहाय्याने पन्नास उपनिषदांचे फारसी भाषांतर १६५७ मध्ये पुरे केले. त्यावरून आंकेतिल द्युपेराँ या फ्रेंच पंडिताने लॅटिन भाषांतर केले, आणि ते वाचून शोपेनहौएर मुग्ध झाला. फारसी भाषांतर पुरे झाल्यावर दोन वर्षांनी औरंगजेबाच्या हुकमाने दाराचा वध झाला. त्याच्याविषयी आपल्या मनात जो जिव्हाळा आहे तो यथार्थच आहे. परंतु अभ्यासक या नात्याने पाहता तो अल्बेरुनीच्या मागे पडतो, असे मला वाटते. कुराणात उल्लेखिलेला गुप्त ग्रंथ तो उपनिषदेच होत, अशी दाराची धारणा झाली होती. म्हणजे जे त्यास हवे होते ते सापडणार हे आधीच ठरलेले होते. सर्वत्र एकच तत्त्व पाहण्याची ही दृष्टी द्वेषापेक्षा शतपट चांगली; पण तिच्यात दुसऱ्याचे दुसरेपण हळूहळू नाहीसे होते, आणि ज्या ठिकाणी दोन धर्म खरोखरच निराळे बोलतात ते ठिकाण प्रेमाच्या भरात ओलांडले जाते. अल्बेरुनी साम्य दाखवितो, परंतु भेद पुसून टाकीत नाही.

भारतात बौद्ध भेटला नाही, ही अल्बेरुनीची तक्रार नऊ शतकांनंतर गोव्यातील साखवाळ गावच्या एका सारस्वत तरुणाची अडचण होऊन पुढे उभी राहिली. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ चा. ‘बालबोध’ मासिकातील बुद्धाचे लहानसे चरित्र वाचून त्यांच्या चित्तास जो ध्यास लागला, तो पुरा करण्यासाठी १८९९ च्या अखेरीस, पत्नी व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून, ते घराबाहेर पडले. (या त्यागाची किंमत घरच्यांनी मोजली, हे त्यांचा गौरव करतानाही विसरता येत नाही.) पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारख्या महापंडिताच्या भेटीनेही बौद्ध धर्माचे जिवंत शिक्षण मिळण्याजोगे नव्हते. काशीस अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. १९०२ मध्ये बुद्धाच्या जन्मभूमीचा प्रदेश म्हणून नेपाळात गेले, तेथे निराशा झाली. आणि बुद्धगयेस चौकशी केल्यावर सिंहलद्वीपाचा मार्ग कळला. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी ते श्रामणेर झाले आणि पाली शिकू लागले, तेथून ब्रह्मदेशात. ज्या मनुष्याला आपल्याच देशात जन्मलेला धर्म शिकण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला, त्याची जिज्ञासा पुस्तकी असणे शक्यच नव्हते.  

कोसंबींनी पाली त्रिपिटक असे वाचले की, श्रद्धा आणि चिकित्सा यांपैकी एकीचाही बळी गेला नाही. कलकत्त्याची अधिक पगाराची जागा सोडून, महाराष्ट्रात राहून काम करावे म्हणून, सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेले दरमहा पन्नास रुपये त्यांनी पत्करले. फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकविली. हार्वर्ड येथे बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाचे संपादन केले. लेनिनग्राडलाही जाऊन आले. आणि एवढे करूनही ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी ज्याच्यावर त्यांची परम भक्ती होती त्याच्या चरित्रातील प्रचलित कथा एकामागून एक पारखून बाजूला काढल्या. म्हातारा, रोगी, मृत आणि संन्यासी यांच्या दर्शनाने गौतम गृहत्याग करतो, ही जगभर चित्रित झालेली कथा त्यांनी मानली नाही. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून होणाऱ्या कलहाच्या संदर्भात, सुत्तनिपातातील एका सुत्ताच्या आधारे, त्यांनी गृहत्यागाचे कारण शोधले. पुढे डॉ. आंबेडकरांनी आपल्या बुद्धचरित्रात याच रोहिणीच्या प्रसंगास प्राधान्य दिले. परधर्माविषयी कठोर चिकित्सा करणे सोपे असते, आणि स्वीकारलेल्या धर्माविषयी भक्ती राखणे त्याहून सोपे. ज्याच्यासाठी घरदार सोडले त्याच्या पोथ्यांस तोच कस लावणे फार थोड्यांस साधले आहे.

त्यांचे खरे कसोटीचे प्रकरण मात्र जैनांशी झालेल्या वादाचे. बुद्धकालीन श्रमण, बौद्ध व जैन दोन्ही, भिक्षेत मिळालेले मांस घेत असत, असे त्यांनी त्याच ग्रंथात आचारांगादी जैन आगमांतील वचने दाखवून प्रतिपादिले. अहिंसा हा ज्यांच्या आचाराचा पाया, त्या समाजात यामुळे क्षोभ उसळला. जैन विद्वानांनी उत्तरे दिली की, त्या वचनांतील शब्दांचा अर्थ मांस असा नसून फळांचा गर, बीज असा वनस्पतिपर आहे, आणि परंपरेची टीका डावलून केलेला अर्थ ग्राह्य नाही. कोसंबी आपल्या मतावर दृढ राहिले. परंतु जैन धर्माविषयी त्यांच्या मनात कटुता असती, तर त्यांनी अखेरच्या काळात पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्मावर पुस्तक लिहिले नसते. अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह या चार यामांपासून बुद्धानेही घेतले, असे त्यात त्यांनी आदराने मांडले. ते पुस्तक त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. शरीर सेवेस निरुपयोगी झाले असे वाटल्यावर त्यांनी सेवाग्राम येथे अन्नत्याग करून ४ जून १९४७ रोजी देह ठेवला; आयुष्याचा हा शेवट बौद्धांपेक्षा जैनांच्या सल्लेखनेस जवळचा आहे.

मांसाहाराच्या त्या वादाचा सर्वमान्य निकाल अद्याप लागलेला नाही. ज्यास त्यात पडावयाचे असेल त्याने कोसंबींचे ते प्रकरण आणि जैन पंडितांची उत्तरे ही दोन्ही शेजारी ठेवून वाचावी, आणि आचारांगातील मूळ सूत्र ज्या अर्धमागधीत आहे ती भाषा, निदान त्या सूत्रापुरती, आधी शिकून घ्यावी.